त्रयस्थ छबू

सुनावणी अकराला होती आणि अपिलार्थी साडेनऊपासून स्वयंपाकघरात भाकरीची वाट बघत बसली होती.

वनमालाने भाकरी फुगवली, ताटात टाकली आणि सासूपुढे सरकवली. "आत्याबाई, दही घालू का?"

"घाल." छबुबाईंनी भाकरी मोडली. "पर एक ध्यानात ठीव. शाळंत गेल्यावर मी तुला वळखत न्हाई. तिथं तू म्याडम, मी अर्जदार."

"अपिलार्थी."

"तेच ते. तू बी मला वळखू नको."

"मी तर तसं तुम्हाला लेखीच कळवलंय," वनमाला म्हणाली. "रजिस्टर पोस्टानं. तोच तर सगळा वाद आहे."

छबुबाईंना हे पटलं. त्यांनी ठेच्याची वाटी जवळ ओढली आणि निवांत जेवायला लागल्या.

गेले तीन महिने घरात जे चाललं होतं त्याला काय म्हणावं, हे वनमालाला अजून कळत नव्हतं. भांडण म्हणावं तर कुणी कुणाशी अबोला धरला नव्हता. चहा वेळेवर होत होता, औषधं वेळेवर घेतली जात होती. फक्त अधूनमधून एकमेकांना पावतीसह पत्रं जात होती, आणि ती पत्रं शाळेतून निघून बीडला जाऊन, शिक्के खाऊन, तीन दिवसांनी शाळेच्या मागच्याच घरात येत होती.

सुरुवात श्रावणात झाली. छबुबाई कपिलधारला गेल्या होत्या, तिथं धबधब्याच्या पायऱ्यांवर त्यांना दगडाबाई भेटली. धनगराची दगडाबाई, पन्नासएक वर्षांपूर्वीची वर्गमैत्रीण. सुंदररावांनी एकाहत्तर साली शाळा काढली तेव्हा सातवीच्या पटावर तीस पोरं लागत होती, आणि होती अठ्ठावीस. दिपोटी साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर सुंदररावांनी शेळ्यांमागून दगडाबाईला उचलून आणलं आणि घरातून स्वतःच्या नव्या नवरीला. हेडमास्तरांची बायको सातवीत बसलेली दिसू नये म्हणून तिचं माहेरचं नाव लावलं, कु. छबू बंकट. मंगळसूत्र झंपरात लपवून ती वर्गात बसली. दिपोटी आले, तीस टाळकी मोजून गेले. दगडाबाई आणि छबू मात्र उठल्याच नाहीत. गोडी लागली. वर्षभर बसल्या आणि सातवीच्या परीक्षेला गेल्या.

निकाल लागल्यावर सुंदरराव घरी येऊन म्हणाले होते, "तू नापास झालीस. जाऊ दे." छबुबाईंनी जाऊ दिलं. पुढं जनगणनावाला आला, बँकवाला आला, आधारवाला आला, सगळ्यांना त्यांनी सातवी नापास असंच सांगितलं. आणि कपिलधारच्या पायरीवर दगडाबाई म्हणाली, "नापास कावून म्हनायलीस बये? आपुन दोघी पास झालतो की. मास्तरनं माझ्या बापाला सांगितलं, पोरगी पास झाली, आता लगीन कर."

नवऱ्याला विचारावं तर सुंदररावांना जाऊन वर्ष झालं होतं. छबुबाईंनी थोरल्या मुलाला, विजयसिंहला विचारलं. तो शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष, जुन्या रजिस्टरांच्या कपाटाची किल्ली त्याच्याच करगोट्याला. तो म्हणाला, "वाळवी लागली, आई." मग दोन दिवसांनी म्हणाला, "सापडंना." आणि आठवड्याने म्हणाला, "तुला ह्या वयात काय करायचं त्याचं?"

नातीने, संस्कृतीने, हे फोनवर ऐकलं. ती संभाजीनगरला वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि अजून एकही खटला न मिळाल्यामुळे फार उत्साहात होती. तिने माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून पाठवला. धाकटा मुलगा तानाजी शाळेत क्लार्क. त्याने आईला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणून दिलं, कारण त्याचं आणि थोरल्याचं त्या महिन्यात पटत नव्हतं. आणि एका सोमवारी, बरोबर अकरा वाजता, छबुबाई नवं लुगडं नेसून मुख्याध्यापिकेच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. शाळा अनुदानित, म्हणून तिला माहितीचा कायदा लागू. मुख्याध्यापिका ही जन माहिती अधिकारी. मुख्याध्यापिका म्हणजे वनमाला, त्यांची सून.

त्या रात्री वनमालाने नवऱ्याकडे किल्ली मागितली. विजयसिंह कूस बदलून म्हणाला, "जिल्हा परिषदेला उभं राहायलोय मी. दादांनी पट फुगवून शाळा काढली, हे माझ्या विरोधातल्या तात्याबाच्या हातात पडलं तर? नाव वेगळं हाय ना रजिस्टरात? मग ती तिसरीच व्यक्ती झाली. तिला नोटीस काढ. रामप्रसादला विचारलंय मी."

म्हणून वनमालाने नोटीस काढली. कु. छबू बंकट हिस कळविण्यात येते की, आपली माहिती श्रीमती छबुबाई सुंदरराव यांनी मागितली असून आपली हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे. पत्ता विजयसिंहने सांगितला, तो तिने लिहिला. नोटीस घेऊन पोस्टमन लखन दारात आला तेव्हा छबुबाई मेथी निवडत होत्या.

"मपलंच हाय ते, आण इकडं."

"आधार दावा, मावशी. मागं एकाचं पाकीट दुसऱ्याला दिलं तर मेमो मिळालाय मला."

आधारवर छबुबाई सुंदरराव. लखनने पाकीट बघितलं, आधार बघितलं, छबुबाईंना बघितलं. "हितं कुमारी लिवलंय. तुमी कुमारी हाव का?"

"मला तीन नातवंडं हायती, मुडद्या."

"मंग न्हाई देता येत." आणि त्याने पाकिटावर लिहिलं, 'सदर कुमारी पत्त्यावर आढळत नाही.'

हरकत नाही तर संमतीही नाही. वनमालाने अर्ज फेटाळला. 'मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.' सही करताना तिला वाटलं होतं की, आपण खोटं काही लिहिलेलं नाही. नंतर भाजी फोडणीला टाकतानाही तिला तसंच वाटत होतं, म्हणजे ती ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. छबुबाईंनी मात्र घरातल्या सुनेला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यांनी वीस रुपयांचं तिकीट लावून अपील केलं. अपील ऐकायचं संस्थेच्या अध्यक्षाने, म्हणजे विजयसिंहने.

*

दिवाळीची सुट्टी असल्यामुळे शाळा रिकामी होती. ऑफिसात विजयसिंह वडिलांच्या खुर्चीत बसला होता. उजव्या हाताला सल्ला द्यायला रामप्रसाद, तहसीलमधून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर तानाजी. समोर दोन खुर्च्या, एकीवर वनमाला बसली, दुसरी अपिलार्थीची.

छबुबाई संस्कृतीचा हात धरून आत आल्या तसा विजयसिंह सवयीने उठला आणि त्यांच्या पायाकडे वाकला.

"थांब," छबुबाई म्हणाल्या. "आधी निकाल दे, मग पाया पड. न्हाईतर लोक म्हनतील, दबाव आणला."

विजयसिंह अर्धवट वाकलेला तसाच खुर्चीत परतला.

"अपिलार्थीचं नाव?" रामप्रसादने विचारलं.

"तुझ्या लग्नात मी तांदूळ टाकलेत, रामप्रसाद."

"ते रेकॉर्डवर येत न्हाई, मावशी. नाव सांगा."

नाव झालं, वय झालं. तानाजीने टंकलं. मग संस्कृती उभी राहिली आणि घसा साफ केला. "माननीय अपिलीय अधिकारी महोदय—"

"पप्पा म्हण की," विजयसिंह म्हणाला.

"आत्ता नाही म्हणता येत. महोदय, माहिती मागणारी आणि जिची माहिती आहे ती, ह्या दोघी एकच आहेत. स्वतःची माहिती स्वतःला द्यायला त्रयस्थाची संमती कशाला?"

"एकच हायेत याला पुरावा?" रामप्रसादने हात पसरला. "लग्नाचं प्रमाणपत्र?"

"सत्तर सालचं?" छबुबाई म्हणाल्या. "पत्रिका बी छापली नव्हती. गूळ वाटला होता."

"जन्माचा दाखला?"

"जन्माला आले तवा निजामाचं राज्य जाऊन सहा-सात सालं झालती, एवढंच बाप सांगायचा."

"म्हणजे पुरावा न्हाई." रामप्रसादने खिशातून मोबाइल काढला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "आन आता तर नवा डेटाचा कायदा आलाय. पूर्वी जनहित बिनहित दाखवून वैयक्तिक माहिती मागता यायची. आता कलम आठ-एक-जे मधी नुसतं वैयक्तिक म्हणलं की बास. त्या पोरीची खाजगी बाब हाय ती. तिच्या खाजगीपणाचं रक्षण करनं आपलं काम हाय."

"कोन्या पोरीचं?"

"छबू बंकटचं."

"तिला काय लपवायचंय?" छबुबाईंनी खरोखरच कुतूहलाने विचारलं.

"ते आपल्याला कसं कळनार? म्हणून तर खाजगी."

तानाजी हसला. थोरल्या भावाने त्याच्याकडे बघितलं. तानाजी म्हणाला, "मी तर म्हणतो दाखवून टाका, भाऊ. आई काय तात्याबाला जाऊन सांगनार हाय?"

"तुला काय कळतंय बे?" विजयसिंह म्हणाला. "एकदा माहिती दिली की ती कुणाला बी मिळती. दोन पोरी खोट्या पटावर दाखवून मान्यता घेतली, असं तात्याबानं लिहून दिलं की अनुदानाची चौकशी. अनुदान बंद झालं तर तुझा पगार काय मी देऊ?"

तानाजीची बोटं कीबोर्डवर थांबली. हा विचार त्याला आजवर शिवला नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "खाजगीपना बी लई महत्त्वाचा असतो बघ."

"तिकीट तूच आणलंस ना रे?"

"तवा मला कायदा माहीत नव्हता."

वनमालाला हसू आलं आणि लगेच गेलं. खुर्चीत बसलेल्या सासूकडे तिने पाहिलं. छबुबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, मुठी मिटून. पंचवीस वर्षांत ह्या बाईने कधी काही मागितल्याचं वनमालाला आठवत नव्हतं. दवाखान्यात नेलं तरी परतीच्या गाडीची चौकशी स्वतःच करायची. आणि आता मागितलं होतं ते एका रकान्यातलं एक अक्षर.

"मी थोडक्यात संपवतो," विजयसिंह म्हणाला. त्याने मानेवरचा घाम पुसला. "तान्या, घे. आदेश. अपिलार्थी श्रीमती छबुबाई सुंदरराव व सदर विद्यार्थिनी कु. छबू बंकट या दोन भिन्न व्यक्ती असून..."

"...भिन्न व्यक्ती असून," तानाजीने टंकलं.

"...सबब सदर अपील..."

"जन माहिती अधिकाऱ्याचं म्हणणं राहिलं," वनमाला म्हणाली.

विजयसिंहने मान वर केली. "तुझं काय म्हणणं? तूच तर फेटाळलंस."

"माझं म्हणणं आदेशात घ्यावं लागतं. नियम आहे." तिच्या लक्षात आलं की तिचा आवाज शाळेत तपासणीच्या वेळी होतो तसा झालाय. "दोन भिन्न व्यक्ती आहेत हे मला मान्य आहे. फक्त आदेश अपुरा राहू नये. त्या विद्यार्थिनीचा पत्ताही घाला. नोटिशीसाठी तुम्हीच मला दिला होता, रजिस्टरातला. राहणार, मुख्याध्यापक सुंदरराव यांचे घर."

तानाजीने भावाकडे बघितलं.

"घाला, तानाजी भावजी," वनमाला म्हणाली. "सन एकाहत्तर. दोन भिन्न व्यक्ती. एक छबुबाई, दादांची पत्नी. दुसरी छबू बंकट, वय सोळा, तीही दादांच्याच घरात राहणारी. हा आदेश पुढं माहिती आयोगाकडे जाईल, तिथं वाचतील लोक. सगळं स्पष्ट हवं."

तानाजी टंकता टंकता पडद्याकडे बघत राहिला. "भाऊ," तो म्हणाला, "म्हंजी दादांनी घरात दोन छबू ठिवल्या होत्या?"

"तोंड सांभाळ!"

"मी न्हाई म्हणायलो, तुमी म्हणायलाव. हितं लिवलंय."

छबुबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "कोन होती रे ती, विजू? मी बी त्याच घरात ऱ्हात होते. मला कशी दिसली न्हाई? चूल एकच होती, भाकऱ्या मीच थापायचे."

"आई, तू गप—"

"गप कावून बसू? माझा नवरा होता तो. सोळा वर्साची दुसरी पोरगी घरात ठिवली आन मला चौपन-पंचावन वर्सांनी तुझ्या हुकमातनं कळायलंय." त्यांनी पदर कमरेला खोचला. "लिही. लिहून सही कर. मी हा कागद गावातल्या पारावर वाचून घेते."

"तात्याबा बॅनर करल त्याचा," तानाजी अंदाज बांधत म्हणाला. "फोटोसकट."

विजयसिंहने रामप्रसादकडे पाहिलं. रामप्रसाद मोबाइलवर वर-खाली बोट फिरवत होता, पण या प्रसंगासाठी कायद्यात कलम सापडत नसावं. शेवटी त्याने चष्मा नाकावर घेतला. "एकच हायेत म्हणलेलं बरं, साहेब. पट फुगवल्याची चौकशी परवडती. ही दुसरी भानगड मतदानात परवडत न्हाई."

"खोड ते," विजयसिंह म्हणाला.

"सगळं?"

"दोन भिन्न व्यक्ती खोड. एकच व्यक्ती लिही." तो उठला आणि किल्ली काढायला पाठमोरा झाला. किल्ली निघता निघेना. करगोट्याची गाठ घट्ट बसली होती. अपिलीय अधिकारी भिंतीकडे तोंड करून सदऱ्यात हात घालून उभा, आणि सगळे आदराने छताकडे बघत बसले.

*

रजिस्टर लाल फडक्यात बांधलेलं होतं. वाळवीचा मागमूस नव्हता. विजयसिंहने ते टेबलावर ठेवलं आणि न चाळता, नेमक्या पानाशी उघडलं. वनमालाने ते पाहिलं. सापडत नव्हतं म्हणे, तिच्या मनात आलं. पण मग तिने नवऱ्याचा चेहरा बघितला. पकडल्या गेलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता, त्याला भलतंच काही टोचत होतं.

"वाच, संस्कृती," छबुबाई म्हणाल्या. "मला बारीक दिसत न्हाई."

संस्कृतीने रकान्यांवरून बोट फिरवलं. "छबू बंकट. प्रवेश, जून एकाहत्तर. प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली."

"वर्तणूक चांगलीच होती. फुडं."

"शेरा." संस्कृती थांबली. "इयत्ता सातवी उत्तीर्ण."

"म्हंजी?"

"पास, आजी. पास झालीस तू."

छबुबाईंच्या मिटलेल्या मुठी उघडल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, मग उगाच लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. "बघ," त्या विजयसिंहला म्हणाल्या, "तवा तू पोटात होतास. गनिताचा पेपर आपुन दोघांनी दिला. तूबी पास झालास." आणि त्या हसल्या. पुढचा एकच दात असलेलं ते हसू वनमालाने इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. तानाजीही हसला आणि म्हणाला, "मी म्हणतच होतो, दाखवून टाका म्हणून."

"अजून एक रकाना आहे," संस्कृती म्हणाली.

"राहू दे तो," विजयसिंह पटकन म्हणाला.

"काय हाय?"

संस्कृतीने वडिलांकडे बघितलं, मग आजीकडे. "शाळा सोडल्याचं कारण. पुढे शिकण्याची इच्छा नाही."

"कुनाची?"

"तुझी, आजी."

छबुबाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. बारीक दिसत नव्हतं, तरी ते अक्षर त्यांना ओळखायला वाचावं लागलं नाही. घरातली वाण्याची यादी, देवाच्या फोटोखालची तारीख, पत्रांवरचे पत्ते, पन्नास वर्षं त्याच वळणाचं अक्षर त्यांनी पाहिलं होतं.

"मला इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. ओरडून नाही. भाजीत मीठ नाही म्हणावं तसं.

"म्हणूनच दाखवंना मी," विजयसिंह खाली बघत म्हणाला. "तात्याबाचं काय, त्याला बघून घेतलं असतं. दादांचं हे अक्षर तुझ्यापुढं कसं ठिवायचं?"

छबुबाईंनी नाक ओढलं आणि मुख्याध्यापिकेकडे तोंड केलं.

"म्याडम, हे चुकीचं लिवलंय. दुरुस्त करा. इच्छा होती, असं लिवा."

वनमालाने रजिस्टर जवळ ओढलं. तिच्या मदतीला रामप्रसाद आला, किंवा त्याला तसं वाटलं. "मावशी, शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत दुरुस्ती होत न्हाई. नियमच हाय तसा. विद्यार्थी पटावर पाहिजे, तरच अर्ज घेता येतो."

"पटावर म्हंजी शाळंत?"

"हां. शिकत असला पाहिजे."

"मी सातवी पास हाय ना?"

"हाव की. लेखी हाय."

"मंग आठवीचा फारम काढ, तान्या."

तानाजी हसायला गेला आणि कुणी हसत नाही हे पाहून कपाटाकडे वळला. रामप्रसादने वयाची अट शोधायला मोबाइल काढला. मान्यतेला अडचण, चौकशीला अडचण, बाकावर गुडघ्याला अडचण, एकेक अडचण तो मोजत गेला, आणि तोवर तानाजीने प्रवेश अर्ज टेबलावर ठेवला होता. संस्कृतीने भरायला सुरुवात केली. नाव, छबुबाई सुंदरराव, पूर्वीचं छबू बंकट. मागील शाळा, हीच. मागील इयत्ता, सातवी, उत्तीर्ण. ते शेवटचं छबुबाईंनी तिला दोनदा वाचायला लावलं.

वनमालाने अर्ज हातात घेतला. वरून खाली तपासला. गेल्या महिन्यात नाही म्हणून सही केली होती तेच पेन तिच्या बोटांत होतं, पण त्याचा विचार करायला आता वेळ नव्हता, कारण एक जागा रिकामी होती.

"पालकाची सही लागेल," ती म्हणाली.

"पालक तर गेले," तानाजी म्हणाला.

सगळ्यांनी विजयसिंहकडे पाहिलं. संस्था अध्यक्ष, अपिलीय अधिकारी, जिल्हा परिषदेचा भावी उमेदवार, तो टेबलाच्या त्या बाजूला उभा होता, वडिलांच्या खुर्चीची पाठ धरून. वनमालाने अर्ज त्याच्यापुढे सरकवला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं.

"लोक हसतील, आई."

"हसू देत."

"सत्तर वर्षांची बाई आठवीत, आन पालक म्हणून पोराची सही. काय म्हणावं याला?"

"तुला काय म्हणायचं ते म्हण," छबुबाई म्हणाल्या. "सही करायची नसली तर नको करू. पर मंग त्या रकान्यात आता तू लिही तुझ्या अक्षरात, आईची इच्छा न्हाई म्हणून."

विजयसिंहने पेन उचललं. टोपण काढायला त्याला जरा वेळ लागला. पालकाची सही, तिथं त्याने सही केली, आणि खालच्या ओळीत विद्यार्थ्याशी नाते, तिथं तो थोडा थांबला आणि मग सावकाश, शाळकरी पोरासारखं ठळक अक्षर काढत त्याने लिहिलं, मुलगा.